आतूनही, बाहेरूनही

हॅम्पशायरमध्ये हॅम्बल नदीच्या काठी आमचं वर्कशॉप आहे. जुन्या शिडाच्या बोटी तिथे येतात त्या हिवाळ्याच्या तोंडावर. क्रेनने उचलून त्यांना टेकूंवर बसवायचं, तळाचं शेवाळ पाण्याच्या फवाऱ्याने काढायचं आणि मग मालकाबरोबर कॉफी घेत कामांची यादी करायची. पुढच्या उन्हाळ्यात बोट फास्टनेटला उतरणार असेल, तर ही यादी चांगलीच लांबते. ही शर्यत दर दोन वर्षांनी होते. आइल ऑफ वाइटवरच्या काउजहून निघायचं, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पूर्वी ती प्लिमथला संपायची, 2021पासून फ्रान्समधल्या शेरबूरला संपते. अंतर 695 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 1290 किलोमीटर. आपल्याकडे कोकणात होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्याच दिवसांत ही मंडळी हौसेने खुल्या समुद्रात जातात.

मालकांच्या यादीत सगळ्यात वर नवी शिडं असतात. त्याखाली डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, मग लाइफराफ्टची तपासणी, मग इलेक्ट्रॉनिक्स. दारं आणि झाकणं तळाशी, आणि तीही मी विचारल्यावर. "ती ठीक आहेत. कधी गळली नाहीत," असं उत्तर येतं. ते खोटं नसतं. पण बोट सरळ असताना दार गळलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

मी मूळचा रत्नागिरीचा. बरीच वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. बायकोला साउदॅम्प्टनच्या रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा समुद्र सोडून किनाऱ्यावरचं काम धरलं. जहाजावर डेकवर उघडणाऱ्या लोखंडी दारांना ज्या कड्या असतात, त्यांचा दांडा दारातून आरपार गेलेला असतो. आतून फिरवा, बाहेरून फिरवा, कडी निघते. ती इतकी सवयीची गोष्ट होती की तिच्यामागे कुणी डोकं चालवलं असेल, असं कधी मनातही आलं नाही. या छोट्या बोटींवर काम करायला लागल्यावर ते डोकं पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागलं.

ज्या बोटीवर मी सगळ्यात जास्त शिकलो, ती 1970च्या दशकातली, 33 फुटी, फायबरग्लासची. मालक-मालकीण दोघंही साठीपुढचे. बोट त्या काळच्या रेसिंगच्या नियमांना धरून बांधलेली : मधे रुंद, मागे निमुळती, वजनाला हलकी. कॉकपिटमधून, म्हणजे डेकवरच्या उघड्या बसायच्या खळग्यातून, केबिनमध्ये उतरायचं जे तोंड असतं, त्याला कंपॅनियनवे म्हणतात. या बोटीत ते थेट कॉकपिटच्या तळापासून चार बोटं वरपर्यंत खाली आलेलं होतं. वर सरकतं झाकण. समोरचं तोंड बंद करायला एकावर एक बसणाऱ्या तीन लाकडी फळ्या. दोन्ही बाजूंच्या खाचा वर रुंद, खाली अरुंद. त्यामुळे फळी वरून सोडली की आपोआप जागेवर बसायची आणि जरा उचलली की लगेच मोकळी व्हायची. बंदरात राहायला, ये-जा करायला याहून सोयीची रचना नाही. पण त्या फळ्यांना जागेवर धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन. बोट उलटली की तेच वजन त्यांना खाचेतून बाहेर काढणार.

हे कागदावरचं भय नाही. ऑगस्ट 1979मध्ये फास्टनेटला 303 बोटी निघाल्या आणि केल्टिक समुद्रात वादळात सापडल्या. शर्यतीतले 15 जण मेले. 24 बोटी माणसांनी सोडून दिल्या, पाच बुडाल्या. म्हणजे सोडून दिलेल्या बोटींपैकी बहुतेक बोटी नंतर तरंगतच सापडल्या. शर्यतीनंतर झालेल्या चौकशीत बोटींना प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. उत्तरं देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या बोटी पूर्ण आडव्या झाल्या होत्या आणि सुमारे एक तृतीयांश त्याहूनही पुढे कलंडल्या होत्या, काही थेट पालथ्या. पाणी आत कुठून शिरलं, याचा शोध घेताना चौकशी समितीने कंपॅनियनवेच्या रचनेवरच बोट ठेवलं. फळ्या निसटल्या, झाकणं सरकली आणि समुद्र आत आला.

किती आला असेल, याचा हिशेब मी एकदा त्या मालकांसमोर कागदावर मांडला. तोंड साधारण 60 सेंटिमीटर रुंद, 90 उंच. ते अर्धा मीटर पाण्याखाली गेलं आणि उघडं असलं, तर सेकंदाला जवळपास एक घनमीटर पाणी आत येतं. एक घनमीटर म्हणजे टनभर. नियमाप्रमाणे बोटीवर किमान नऊ लिटरच्या दोन बादल्या ठेवाव्या लागतात. त्या एका सेकंदाचं पाणी उपसायला एकशेदहाहून जास्त बादल्या लागतील, आणि त्याही उसळत्या बोटीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून. मालकांनी कागद उलटा करून बायकोकडे सरकवला. शिडांच्या खर्चातून काही रक्कम दारांकडे वळली ती तेव्हा.

नियमांचं पुस्तक आहे, 'ऑफशोअर स्पेशल रेग्युलेशन्स'. 'वर्ल्ड सेलिंग' ही जागतिक संघटना ते काढते. त्यातलं 3.08 हे कलम हॅच, म्हणजे डेकवरची झाकणाची तोंडं, आणि कंपॅनियनवेचं. ते मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे मिटून सांगू शकतो. बोट 90 अंशात आडवी झाली तरी हॅच पाण्याच्या वर राहायला हवं. ते बोटीला कायमचं जोडलेलं हवं, झटक्यात घट्ट बंद व्हायला हवं आणि बोट 180 अंशात उलटली तरी बंदच राहायला हवं. कंपॅनियनवेची बंद करण्याची व्यवस्था मजबूत हवी, ती आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चालवता यायला हवी, बोट उलटी असतानासुद्धा. फळ्या वरचं झाकण उघडं असो वा बंद, जागेवर राहायला हव्यात. शर्यत संपेपर्यंत त्या दोरीने वगैरे बोटीला बांधलेल्या हव्यात. आणि बोट उलटी असताना माणसाला बाहेर पडता यायला हवं.

कलम लहान आहे, पण शेवटची अट आधीच्या सगळ्या अटींच्या अंगावर येते. पाणी आत येऊ नये असं दार करणं अवघड नाही. जाड प्लायवूड घ्या, चार बोल्ट मारा, झालं. पण त्याच दारातून घाबरलेल्या, भिजलेल्या, कदाचित एक हात मोडलेल्या माणसाला बाहेर यायचं आहे. आणि बाहेर असलेल्या माणसाला आतल्याला काढायचं आहे. आमच्या फोरमनचं एक वाक्य ठरलेलं असतं : "आधी तू आत आहेस असं समज, मग तू बाहेर आहेस असं समज, आणि मग स्क्रूड्रायव्हर हातात घे."

आम्ही सुरुवात खालून केली. कंपॅनियनवे शिअरलाइनच्या, म्हणजे डेक आणि बोटीची बाजू जिथे मिळतात त्या रेषेच्या खाली उतरत असेल, तर तेवढा भाग बंद करता आला पाहिजे आणि तो बंद असतानाही केबिनमध्ये जाता-येता आलं पाहिजे, असा नियम आहे. कॉकपिट लाटेने काठोकाठ भरलं तर खालची फळी हीच केबिनची भिंत असते. माझं म्हणणं होतं की ही खालची फळी कायमचीच बसवून टाकावी. मालकीणबाईंना ते मान्य नव्हतं. त्यांचे गुडघे दुखतात, दर वेळी एवढ्या उंचीवरून पाय टाकून आत जायचं म्हणजे त्रास. "वर्षातले बहुतेक दिवस ही बोट बंदरातच असते. वादळ पाचएक वर्षांतून एकदा भेटेल, गुडघे रोज भेटतात," त्या म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. बोट बांधणाऱ्यानेही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हाच विचार केला असणार. जुन्या बोटींची दारं मूर्खपणाने केलेली नसतात. ती बोटीच्या रोजच्या आयुष्याचा विचार करून केलेली असतात, फक्त एका वाईट रात्रीचा विचार त्यांत नसतो.

शेवटी खालची फळी 18 मिलिमीटर मरीन प्लायवूडची केली आणि मागे रबराची पट्टी घालून बोल्टने आवळली. शर्यतीच्या मोसमात ती पक्की राहील, हिवाळ्यात काढता येईल. तिच्या दोन्ही बाजूंना, आत आणि बाहेर, खरबरीत पृष्ठभागाची एकेक पायरी जोडली आणि जिन्याच्या बाजूला धरायला दांडा लावला. पायरीमुळे गुडघ्यांचं काम सोपं झालं. बाईंनी चढून-उतरून पाहिलं आणि पायरी दोन सेंटिमीटरने पुढे घ्यायला लावली.

वरच्या भागात तीनऐवजी एकच फळी करायचं ठरलं. जितके सांधे कमी, तितक्या पाण्याच्या वाटा कमी. पण ती लाकडाची करायची की पारदर्शक? केबिनमध्ये उजेड यावा आणि आतल्याला बाहेरचा माणूस दिसावा, म्हणून पारदर्शकच हवी होती. ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट, हा आमच्या वर्कशॉपातला जुना वाद आहे. ॲक्रिलिक कडक असतं, उन्हाने लवकर खराब होत नाही, पण जोराचा मार बसला तर तडकतं. पॉलिकार्बोनेट हातोड्याने फुटत नाही, पण लवचीक असतं, उन्हाने पिवळं पडतं, चरे पडतात आणि काही सीलंटमधल्या रसायनांनी खराब होतं. त्याच्या लवचीकपणातच धोका आहे. बोट पालथी असताना तोंड मीटरभर पाण्याखाली असेल, तर अर्ध्या चौरस मीटरच्या फळीवर अर्ध्या टनाचा भार येतो. फळी फुटणार नाही, पण मधून वाकून खाचेतून निसटू शकते. म्हणून आम्ही 12 मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट घेतलं आणि खाच जुन्यापेक्षा बरीच खोल केली. खाचेच्या बाजू समांतर केल्या, निमुळत्या ठेवल्या नाहीत. आता फळी काढायची तर पूर्ण उंचीभर सरकवत वर न्यावी लागते. बंदरात हा जाच आहे, पण तिथे ती लावायचं कामच नाही.

फळी जागेवर धरायचा प्रश्न उरला होता, आणि खरं काम तिथेच होतं. बाजारात स्प्रिंगच्या कड्या मिळतात, त्या दोन्ही बाजूंना लावल्या की भागतं, असं बरेच जण करतात. मला मात्र उलट्या बोटीत त्या कड्या हाताला कशा लागतील, हे कळत नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं 'उलटी असताना' म्हणजे नेमकं काय, हे उलटं झाल्याशिवाय कसं समजणार? मग भंगारातल्या प्लायवूडची कंपॅनियनवेएवढी एक चौकट केली, मधोमध एका बोल्टवर भिंतीला बसवली, म्हणजे ती चक्रासारखी फिरेल. तिच्यावर निरनिराळ्या कड्या लावायच्या, ती अर्धी फिरवायची आणि ओले रबरी हातमोजे घालून, डोळ्यांना पट्टी बांधून उघडायला सांगायचं. शेडमध्ये जो सापडेल त्याला उभं केलं.

जी गोष्ट निघाली ती आधी सुचली नव्हती. सरकवायच्या कडीत सगळे गोंधळत होते. बोट सरळ असताना डावीकडे सरकणारी कडी उलट्या बोटीत उजवीकडे सरकवावी लागते, वर ओढायची ती खाली ढकलावी लागते. हाताला सवय असते एका दिशेची, आणि अंधारात तो तीच दिशा धरून जोर लावत राहतो. फिरवायच्या मुठीत मात्र कुणी चुकलं नाही. चौकट अर्धी फिरवा, पूर्ण फिरवा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने उघडणारी मूठ त्याच दिशेने उघडते. आतून पाहणाऱ्याच्या नजरेसमोर बोट चाकासारखी वळलेली असते, आणि चाक कितीही वळलं तरी फिरण्याची दिशा बदलत नाही. म्हणून आम्ही फळीच्या मधोमध एकच मूठ बसवली. तिच्यापासून निघालेले दोन पोलादी दांडे दोन्ही बाजूंच्या चौकटीत घुसतात. मूठ फिरवली की दोन्ही एकदम आत ओढले जातात.

एक गाठ तरीही राहिली. दांडा आरपार असल्यामुळे आतून जी दिशा उजवी, ती बाहेरून डावी. आतल्याला आणि बाहेरच्याला वेगवेगळी दिशा शिकवावी लागणार. तेव्हा दोन्ही बाजूंना उठावाचे बाण बसवले, बोटांना चाचपून कळतील असे, आणि मुठीला चमकणारा पिवळा रंग दिला. फोरमनला हे शाळकरी वाटलं. पण पट्टी बांधल्यावर त्याचंही बोट आधी बाणावरच गेलं.

दोरीचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. फळी बोटीला बांधलेली हवी, म्हणजे ती काढून हातात घेतली आणि लाट आली तर समुद्रात जाणार नाही. पण दोरी आखूड असेल तर फळी आत नेऊन तिच्या जागेवर ठेवता येत नाही. लांब असेल तर जिन्यावर पायात येते. आणि ती दोरी दारातूनच जात असेल, तर दार लावताना खाचेत अडकते. आम्ही ती फळीच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात बांधली आणि जिन्याच्या मागे फळी उभी राहील असा कप्पा केला. दोरी त्या कप्प्यापर्यंत पोहोचेल इतकीच ठेवली.

वरच्या सरकत्या झाकणाला बाहेरून कुलुपाची कडी होती. चोरांपासून संरक्षण म्हणून अशा कड्या प्रत्येक जुन्या बोटीला असतात. ती मी आधी काढली. समुद्रावर ती चुकून पडली, वा कुणी सवयीने लावली, तर आतला माणूस कोंडला जातो. तिच्या जागी आत-बाहेर दोन्हीकडून चालणारा अटकाव बसवला. झाकणाच्या पुढच्या कडेखालून लाटेचं पाणी आत घुसू नये, म्हणून त्याच्या पुढे फायबरग्लासची एक बंदिस्त टोपी केली, जिच्या आत झाकण सरकत जातं.

पुढच्या डेकवरचं हॅच वेगळ्या कारणाने धोक्याचं होतं. त्याचं बिजागर मागच्या बाजूला होतं. म्हणजे नाळेवरून, बोटीच्या पुढच्या टोकावरून, येणारी लाट ते उघडायलाच मदत करणार. बिजागर पुढे असलं की तीच लाट त्याला दाबून बंद करते. ॲक्रिलिक उन्हाने जाळीदार झालं होतं, भोवतीचं रबर सुकून चपटं झालं होतं. रबर नीट बसतंय का, हे पाहायची सोपी रीत आहे. चौकटीच्या काठावर खडू घासायचा, हॅच बंद करायचं, उघडायचं. रबरावर खडूची रेघ जिथे तुटली असेल, तिथून पाणी येणार. रेघ तीन ठिकाणी तुटली होती.

हॅच काढल्यावर खालचं डेक दिसलं. वर-खाली फायबरग्लासचे थर आणि मधे बाल्सा लाकूड अशी या डेकची बनावट असते. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की बाल्सा कुजतो आणि वरून काही कळत नाही. छोट्या हातोडीने ठोकत गेलं की चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. चौकटीभोवती वीतभर पट्टा बद्द वाजत होता. म्हणजे नवं, महागडं हॅच बसवलं असतं, तर ते कुजलेल्या लाकडात धरलेल्या स्क्रूंवर उभं राहिलं असतं. कुजका बाल्सा कडेने खरवडून काढला, जागा पुरती सुकू दिली आणि घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने बुजवायची आणि मग त्यातच नवी पाडायची, म्हणजे पुन्हा पाणी गेलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या चौकटीत नुसतेच बसवले तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मधे संरक्षक लेप. या कामाला दारांपेक्षा जास्त वेळ गेला.

कॉकपिटमधल्या बाकांच्या झाकणांची गोष्ट लवकर संपते. त्याखालचे कप्पे थेट बोटीच्या पोटात उघडतात आणि झाकणं नुसती ठेवलेली होती. त्यांना रबर आणि पक्क्या कड्या लावल्या. बोट उलटल्यावर आत हलू शकेल असं जे जे असतं, त्यात बॅटऱ्या, शेगडी, जमिनीच्या फळ्या येतात. त्यांनाही बांधलं.

दार तयार झाल्यावर क्रूला बोलावलं. सगळ्यांनी आतून-बाहेरून, डोळे बांधून ते उघडलं. तेव्हा मालकांनी विचारलं, "बोट पालथी झाली तर आम्ही आत थांबायचं की बाहेर पडायचं?" याचं उत्तर कोणत्याच दारात बसवता येत नाही. कील, म्हणजे बोटीच्या तळाचा वजनदार पंखा, शाबूत असेल, तर तिचं वजन बहुतेक वेळा बोटीला पुन्हा सरळ करतं, आणि तोवर दार बंद ठेवण्यातच जीव आहे. कीलच तुटली असेल, तर बोट सरळ होणार नाही आणि बाहेर पडण्यात जीव आहे. 2011च्या फास्टनेटमध्ये 'रॅम्बलर 100' या मोठ्या बोटीची कील तुटली. बोट पाहता पाहता पालथी झाली. खाली असलेले काही जण धडपडत बाहेर आले आणि सगळेच्या सगळे 21 जण वाचले. एकाच दाराला एका प्रसंगी 'बंद राहा' आणि दुसऱ्या प्रसंगी 'उघड' असा हुकूम असतो. तो देणारा माणूस आत असतो, अंधारात. म्हणून दाराने त्याच्या निर्णयात अडथळा आणू नये, एवढंच मी करू शकतो.

मग दार लावायचं कधी, हा प्रश्न. कप्प्यात ठेवलेली फळी कितीही भक्कम असली तरी तिचा उपयोग शून्य. आणि बंद दारामागे केबिन कोंदट होते, डिझेलचा वास येतो, लोकांना ओकाऱ्या होतात. वरून आत हाक मारता येत नाही, चहाचा कप देता येत नाही. त्यामुळे 'जरा वेळाने लावू' असं होत जातं. या क्रूने नियम केला : शिडाची पहिली घडी घातली की, म्हणजे वाऱ्याला भिऊन शीड लहान केलं की, वरची फळी लावायची. कुणाच्या मतावर सोडायचं नाही. आणि डेकवर येणाऱ्याने दारातून बाहेर पडण्याआधीच अंगातल्या सुरक्षापट्ट्याची दोरी बाहेरच्या कडीला अडकवायची, आत गेल्यावरच सोडायची. त्यासाठी कंपॅनियनवेच्या अगदी तोंडाशी आम्ही एक भक्कम कडी बसवली होती.

दार बाहेरूनही उघडायला हवं, ही अट मला सुरुवातीला जरा जास्तीची वाटायची. तिचा अर्थ समजला तो आपल्याच एका बोटीमुळे. 1960च्या दशकात मुंबईत सागवानाची 'सुहेली' बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 22 एप्रिल 1969 रोजी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले. दक्षिण महासागरात लाटेने तिला आडवं पाडलं, तेव्हा तिच्या केबिनचे सांधे हलले होते. तिच्याच आराखड्यावर गोव्यात 'थुरिया' बांधली आणि 2018च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नौदलाचे अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती कलंडली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला इतकी दुखापत झाली की त्यांना बंकवरून हलता येईना. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाचे लोक रबरी बोटीतून 'थुरिया'वर चढले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढलं.

ती बातमी मी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सुटकेचा थरार आला नाही. आला तो कंपॅनियनवे. त्या फ्रेंच खलाशांपैकी कुणी ती बोट आधी पाहिली असण्याची शक्यता नव्हती. आतला माणूस उठून कडी काढू शकत नव्हता. अशा वेळी दार उघडणारा हात मालकाचा नसतो, क्रूचाही नसतो. त्याला बोटीची ओळख नसते, कदाचित तिची भाषाही येत नसते. दार त्याच्यासाठीही केलेलं असावं लागतं.

शर्यतीआधीच्या तपासणीत अधिकाऱ्याने फळी लावायला सांगितली, आतून उघडून पाहिली, बाहेर येऊन उघडून पाहिली, दोरी ओढून पाहिली आणि यादीत खूण केली. बोट ऑगस्टमध्ये परत आली, वारा मध्यम होता म्हणाले. तरी कामं निघालीच. मुठीचा बाण घासून जवळजवळ नाहीसा झाला होता. मालकीणबाईंनी सांगितलं की रात्री पाळी बदलताना सगळे तोच चाचपत होते. तो नव्याने, जाड करून बसवला.

तेव्हापासून मी एक रीत पाळतो. दार आपल्या मते तयार झालं की ते मालकाला दाखवण्याआधी शेजारच्या शेडमध्ये जातो. जो कुणी हातातलं काम ठेवायला तयार असेल, त्याला आणतो : इंजिन मेकॅनिक, रंगारी, नव्याने लागलेला एखादा उमेदवार. काहीही न सांगता त्याला बोटीवर चढवतो आणि म्हणतो, आत माणूस आहे, त्याला काढ. तो मुठीपाशी थबकला, उलट फिरवायला गेला किंवा मागे वळून माझ्याकडे बघायला लागला, की मी माझी हत्यारं परत काढतो.